व्हय म्हणायला कुणीतरी

सुमन दुकानाच्या पायरीशी आली तेव्हा मी नुकतंच शटर वर केलं होतं. ती माझ्या मास्तर मित्राची, विश्रामची शेजारीण. सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली असेल असं समजून मी काही न विचारता गोळ्यांची स्ट्रिप काढून तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही. "दाजी, सर उठनत नाय," एवढंच म्हणाली... आचऱ्याच्या तिठ्यावर औषधांचं दुकान चालवण्यात माझं आयुष्य गेलं. गावात कोण कशाने आजारी आहे हे त्याच्या बायकोआधी मला कळतं, आणि विश्रामच्या हृदयाच्या गोळ्या तर मीच दर महिन्याला त्याच्या खिशात कोंबत होतो. तरी सुमनच्या मागे धावताना मी हातात ग्लुकोजची पुडी घेतली होती. कशाला, ते मला आजही सांगता येणार नाही. तो झोपेतच गेला होता. पांघरूण नीट होतं, उशाशी रेडिओ चालू होता. मी तो बंद केला आणि मग खाली बसलो.

वाचकांपैकी काहींना विश्राम कवी म्हणून ठाऊक असेल. त्याचे दोन पातळ संग्रह निघाले होते, एकेकाळी त्याला कुडाळ-सावंतवाडीकडे कार्यक्रमांना बोलावतही असत. मला तो शाळेच्या बाकापासून ठाऊक. कवितेतलं मला काही कळत नाही हे मी जन्मभर त्याच्या तोंडावर सांगत आलो, आणि म्हणूनच तू बरा, असं तो म्हणायचा. मराठीचा मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर रोज सकाळी पेपर वाचायला दुकानात यायचा, स्टुलावर ठाण मांडायचा आणि माझ्या गिऱ्हाइकांचा छळ मांडायचा. खोकल्याचं औषध मागायला आलेल्या एका म्हातारीला त्याने विचारलं, खोकला कसा येतो ते नीट सांग. ती वैतागून म्हणाली, "कसो म्हणजे? खोकल्यासारखो!" ते वाक्य त्याला आठवडाभर पुरलं. येईल त्याला सांगत सुटला की माझ्या वर्गातल्या कुणाला इतकं साधं लिहिता येत नाही.

हा वर्ग म्हणजे त्याचा रविवारचा उद्योग. घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात चटया पसरायच्या आणि ज्याला लिहायचं आहे त्याने येऊन बसायचं. फी नाही, पण शिकवण्याची त्याची रीत अशी, की पहिल्या दिवशी निम्मे लोक पळून जात. आमच्याकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. एक जाणता माणूस उभा राहून मोठ्याने सांगतो, कोण आहे, कुठला आहे, काय अडलं आहे, काय हवं आहे. आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. विश्रामने तेच उचललं. कागदाला पेन लावण्याआधी प्रत्येकाने खळ्यात उभं राहून आपलं म्हणणं गाऱ्हाण्यासारखं सांगायचं. वाक्य खरं वाटलं तर बाकीच्यांनी व्हय म्हणायचं, नाही वाटलं तर गप्प राहायचं. ज्या वाक्याला कुणी व्हय म्हटलं नाही ते काढून टाकायचं. मी आपला सोबतीला म्हणून बसायचो, तर एकदा मलाही उभं केलं. माझं दुकान हेच माझं देऊळ, असं काहीतरी मी ठोकून दिलं. सगळे गप्प. विश्राम माझ्याकडे बघून इतका गोड हसला की मला कबूल करावं लागलं, दुकानाचा मला कंटाळा येतो आणि दुपारी मी काउंटरमागे पाय पसरून झोपतो. त्याला मात्र जोरात व्हय मिळालं.

त्याची बायको, मालतीवहिनी गेल्या आणि विश्रामची कविता थांबली. मूलबाळ नव्हतं. घर मोठं, माणूस एक. वर्ग चालू राहिला, दुसऱ्यांची वाक्यं तासणंही चालू राहिलं, पण स्वतः त्याने कित्येक वर्षं काही लिहिलं नाही. विचारलं तर म्हणायचा, अरे, मी लिहीन, पण माझ्या वाक्याला व्हय कोण म्हणणार? ती म्हणायची. मला तेव्हा त्याचा राग यायचा. एवढा मोठा गाव, आणि म्हणे कोण म्हणणार.

मग गावपळण आली. देवाचा कौल झाला की आमचा अख्खा गाव घरं बंद करून वेशीबाहेर राहायला जातो, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा घेऊन. मार्गशीर्षातली थंडी, झावळांच्या झोपड्या, तीन दगडांच्या चुली. एरवी भिंतीआड राहणारी माणसं तिथे एकमेकांच्या ताटात काय आहे ते बघत जेवतात. विश्रामची झोपडी आमच्या झोपडीला लागून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, बायका भाकऱ्या थापत होत्या, पुरुष चहा घेऊन उन्हाला बसले होते, तेव्हा तो एकाएकी मधोमध जाऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघूनच मी ओळखलं की याला कविता सुचली आहे. आणि स्वतःच्याच रीतीप्रमाणे त्याने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, माझ्या घरात खोल्यो खूप आसत, आणि बोलूक कोण नाय."

झालं! त्याच्या वर्गाची रीत गावाला कुठे माहीत होती? लोकांना वाटलं, सर खरोखरच गाऱ्हाणं घालतायत. चहाचे पेले खाली ठेवले गेले, डोकीवर पदर आले, कुणीतरी टोपी सारखी केली आणि सगळं माळरान एका आवाजात म्हणालं, "व्हय म्हाराजा."

विश्राम दचकला. पण थांबणार कसा? "बोलूचा झाला तर माजराशी बोलतंय," तो म्हणाला, "ता पण शेजाऱ्यांचा." व्हय म्हाराजा. सुमनचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता, कारण मांजर तिचं. पुढची ओळ मात्र अर्ध्यावरच तुटली. तेव्हा गावातले एक वयस्कर मानकरी उठले, त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं त्यांनी रीतसर पुरं केलं, "तर देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या घराक माणसांचो राबतो रवांदे." पुन्हा सगळ्यांचा होकार. विश्राम लालबुंद होऊन माझ्याकडे आला.

"दाजी, अरे ती कविता हुती रे."

"मगे काय झाला? सगळे व्हय म्हणाले मां?"

तो माझ्या हातातला चहा घेऊन प्यायला.

गाव परतल्यावर खरोखरच त्याच्या घरी राबता सुरू झाला. देवाला सांगितलेलं आहे म्हटल्यावर कोण टाळणार? कुणी माशांचं तिखलं आणून दिलं, कुणी पोरांना वर्गाला धाडलं, कुणी नुसतंच येऊन ओट्यावर बसलं. त्याने पुन्हा लिहायला घेतलं. ते वर्ष-दीड वर्ष तो सुखात होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण माणसं ती माणसं. एकाची सून मुंबईला गेली, पोरं कॉलेजला ओरोसला लागली, कुणाच्या काजूचा हंगाम, कुणाचं होमस्टे. भांडण कुणाशी झालं नाही, येणं तेवढं कमी होत गेलं. शेवटच्या महिन्यांत रविवारी खळ्यात दोघेच असायचो, तो आणि मी. तो चटया मात्र सगळ्या पसरायचा. मी म्हणायचो, एवढ्या कशाला, उचलताना तुलाच धाप लागते. तो म्हणायचा, कुणी आलं तर?... वाटेवरून मोटारसायकल गेली की त्याची मान वळायची. ती मान वळलेली मला अजून दिसते.

दिवसकार्य उरकून त्याचा पुतण्या मुंबईला परत गेला. घराची किल्ली माझ्याकडे देऊन गेला आहे. गेल्या रविवारी सकाळी मी तिकडे गेलो. घर उघडायचा धीर झाला नाही. खळ्यात वाळक्या पानांचा पातेरा साचला होता, तो झाडून काढला. पेपरच्या या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहून द्या असा निरोप आला होता आणि मला तर लिहिता येत नाही. त्याची रीत तेवढी येत होती. कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे सुमन कपडे वाळत घालत होती. तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने मी उभा राहून सुरुवात केली.

बा देवा म्हाराजा, ह्या खळ्यात आज मी दाजी एकटोच उभो आसय. व्हय म्हाराजा, मीच म्हटलं. माका लिवक येणा नाय. व्हय म्हाराजा. माझो दोस्त विश्राम गेलो.

वाक्य खरं होतं. त्याच्या हिशेबाने त्यात एक शब्दही कमीजास्त करण्यासारखा नव्हता. मी बराच वेळ तिथे उभा होतो, पण माझ्या तोंडून काही व्हय निघालं नाही.