सीटखालचं सागवान: दर्यापूर ते अकोला

गजाननभाऊंचा फॉर्म मला खोटा वाटला, म्हणून मी दर्यापूरला गेले.

मी पुण्यात ट्रकच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. आमच्या नव्या सीटचा बेल्ट केबिनच्या खांबाला अडकवलेला नसतो, तो सीटच्या पाठीतूनच निघतो. चाचणीसाठी अशा सात सीट आम्ही वऱ्हाडातल्या सात चालकांना दिल्या होत्या. दर आठवड्याला त्यांनी एक फॉर्म भरून त्याचा फोटो पाठवायचा. सहा जणांचे फॉर्म माणसांनी भरल्यासारखे होते, कधी बेल्ट लावला, कधी विसरलो. गजाननभाऊंच्या फॉर्मवर तीन महिने रोज ‘हो’. सीट कारखान्यात मोठ्या संख्येने बनायला लागण्याआधी त्या कागदांवर माझी सही लागणार होती. खोट्या कागदावर सही करायची मला भीती वाटत होती. साहेबांकडे दोन दिवसांचा दौरा मागितला आणि अमरावतीच्या गाडीचं तिकीट काढलं.

गाडी सकाळी पोचते. जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर वरच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. स्टँडकडे जाताना गिला वडा खाल्ला. भिजवलेला डाळीचा वडा आणि त्यावर ओतलेल्या चटण्या. दोन खाल्ले की दुपारपर्यंत चिंता नाही. पाण्याची बाटली मात्र अमरावतीतच भरा. दर्यापूरकडे खारपाण पट्टा सुरू होतो आणि बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट. शेजारच्या काकूंनी बस फाटकाबाहेर पडायच्या आत चौकशी सुरू केली.

“कुठी जाऊन राहिली?”

“दर्यापूर.”

“कोनाच्या घरी?”

“घरी नाही. कामाला. एका ट्रकवाल्यांना भेटायचंय.”

“एकलीच? बाप्पा!” त्यांनी मला नीट पाहून घेतलं आणि मग संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. पुढचा दीड तास मी बाहेर पाहत बसले. खिडकीबाहेर वाळायला आलेली तूर आणि वेचून संपत आलेला कापूस.

गजाननभाऊ जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाशी उभे होते. पंचेचाळिशीचे, कानटोपी घातलेले, उंचीने माझ्या खांद्याएवढे.

“तुमीच का मॅडम? फोनवर वयानं मोठ्या वाटत होत्या.”

“तुम्ही फोनवर उंच वाटत होता,” मी म्हणाले. ते मोकळेपणाने हसले. मी हसले नाही, पण मला ते आवडले.

ट्रक त्यांचा स्वतःचा. सरकीची पोती भरून अकोल्याच्या तेल गिरणीत न्यायची होती. मी शेजारच्या सीटवर बसून जायचं असं ठरलं होतं. दार उघडलं तर आमची सीट दिसेचना. लाल मखमली कव्हर, खाली जमिनीपर्यंत सोनेरी झालर.

“बायकोनं शिवलं. पुन्याची सीट हाय, धूळ नाई लागू देनार म्हने.”

बेल्ट बाहेर येतो तिथे तिने कापडाला नेमका काप देऊन कडा दुमडल्या होत्या. भाऊ बसले, बेल्ट ओढला, खटका लागला. माझ्यासमोर लावणारच, असं मी मनाशी म्हटलं. म्हणून बेल्टच बारकाईने पाहिला. खांद्यावर येतो तिथे तो घासून गुळगुळीत झाला होता, खटक्याच्या लाल बटणाचा रंग बोटाएवढ्या जागेत उडालेला. न वापरलेला बेल्ट असा दिसत नाही. फॉर्म खरा होता.

हे समाधान पहिल्या गतिरोधकापर्यंत टिकलं. कर्र, असा एक आवाज सीटखालून आला.

दर्यापूर ते मूर्तिजापूर रस्ता काळ्या मातीवर आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं. पाठीचं दुखणं असेल तर इथे चारचाकीत मागे बसू नका. आमची सीट स्प्रिंगवर असल्याने भाऊ त्या लाटांवर वरखाली होत होते आणि बेल्टही त्यांच्यासोबत.

“पहिलेचा बेल्ट गळा कापे मॅडम. मी वर, बेल्ट खाली. मंग मी त्याले पाठीमागून घेऊन अटकवून द्यायचो, पोलिसापुरता. हा तं संगच येते. मी साऱ्या पोट्ट्याईले सांगून राहिलो, पुन्याचा बेल्ट हाय, हा मानसाले सोडत नाई.”

हे वाक्य आमच्या जाहिरातीत चाललं असतं. माझं लक्ष मात्र त्या आवाजावर होतं. रबर असं वाजत नाही. पोलाद वाजलं तर टणकन वाजतं. मी मनात एकेक जोड तपासत गेले, पाठीचा, स्प्रिंगचा, रुळाचा. कुठलाच बसेना.

“भाऊ, हा आवाज कधीपासून येतो?”

“कोनता? हा? अवो, नवी चप्पलबी कुरकुरते.”

कुरकुरतं ते. लाकडासारखं.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. भाऊ खाली उतरले आणि मी गुडघ्यावर बसून झालर उचलली. मोबाइलचा उजेड टाकला. सीटच्या दोन्ही रुळांखाली लाकडाचे ठोकळे होते, रंधा मारून, पॉलिश करून बसवलेले. त्यांतून लांब बोल्ट खाली गेले होते. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर त्याच्या ताकदीचा आकडा असतो. ही चारही डोकी कोरी होती.

भाऊ दोन कप घेऊन आले.

“हे कोणी केलं?”

“अकोल्याच्या सलीम मिस्त्रीनं. मले समोरचं जवळचं काईच दिसे ना. एखादं लेकरू आडवं आलं तं? म्हून दोन इंच वर घेतली. सागवान हाय मॅडम, मेळघाटचं. सडनार नाई.”

“फॉर्ममध्ये का नाही लिहिलं?”

“तुमी इचारलं कुठी? तुमी इचारलं, बेल्ट लावता का. लावतो न.”

मी त्यांना समजावलं. जुन्या बेल्टला केबिनचा खांब धरून ठेवायचा. या बेल्टला सीट धरते, आणि सीटला हे चार बोल्ट. धडकेत तुमचं सगळं वजन, वर सीटचंही, याच चार बोल्टांवर येणार. पुण्यात आम्ही सीट जाड पोलादावर बसवून यंत्राने ओढतो. लाकडावर बसवून कधीच ओढलेली नाही.

त्यांनी चहा संपवला. कप ठेवला.

“मंग आता बेल्ट लावू का काढू?”

मी पुन्हा वाकून ते चार बोल्ट पाहिले.

“लावा. चाळीसच्या वर जाऊ नका. पुढच्या गाडीपासून लांब राहा.”

“खात्री हाय तुमाले?”

“नाही.”

खरं तर ट्रक तिथेच उभा करायला हवा होता. माल चारच्या आत उतरवायचा होता, सलीम अकोल्यात होता, भाऊंनी आग्रह केला आणि मी ऐकलं. हे इथे लिहून ठेवते.

मूर्तिजापूर ते अकोला रस्ता चौपदरी, गुळगुळीत. तुम्हाला तासाभरात पोचवेल. आम्हाला बराच जास्त वेळ लागला. मागचे हॉर्न देत होते, भाऊ त्यांना हाताने पुढे जा म्हणत होते. बोरगावच्या जवळ दुभाजकाच्या फटीतून एक ट्रॅक्टर आडवा आला. भाऊंनी ब्रेक दाबला. मागे पोती पुढे सरकल्याचा आवाज, सीटखाली कर्र, मग काही नाही. ट्रॅक्टरवाला हात वर करून निघून गेला. भाऊंनी कपाळ पुसलं आणि वेग आणखी कमी केला.

अकोल्यात माल उतरवून सलीमभाईंच्या दुकानात गेलो, तर ते आधी रागावले. “मॅडम, आपलं काम पक्कं रायते. बीस साल से करून राहिलो.”

“उघडून दाखवा.”

त्यांनी बोल्ट काढले. ठोकळे बाहेर आले. बोल्टसाठी पाडलेलं गोल भोक लांबट झालं होतं, पुढच्या बाजूला करंगळी जाईल एवढं. सलीमभाईंनी त्यात करंगळी घातली, गजाननभाऊंकडे पाहिलं आणि म्हणाले, “जुनी सीट ठेवेल हाय माझ्याजवळ. तेच बसवतो.”

“परत तोच गळा कापनारा?” भाऊ म्हणाले.

“हो. आणि तोही लावा. पाठीमागून नाही,” मी म्हणाले.

भाऊंनी मखमली कव्हर काढून घडी केलं आणि काखेत धरलं.

दुकानाबाहेरूनच मी बाकीच्या सहा जणांना फोन लावायला सुरुवात केली. पाच जणांनी लगेच उचलला. सीटखाली काय आहे, एवढंच विचारलं. तिघांची सीट आम्ही दिली तशी. दोघांच्या खाली लाकूड. त्यांचे ट्रक त्याच दिवशी उभे केले. सहावे मेळघाटात, धारणीकडे माल पोचवत होते. फोन सेवाक्षेत्राबाहेर. परतीच्या गाडीत मी दर अर्ध्या तासाने लावत राहिले, लागला नाही.

एक ठोकळा मी सोबत आणला आहे. आता टेबलावर आहे. मोजला, बावन्न मिलिमीटर. सीट वरखाली करण्याची सोय चाचणीच्या तुकडीतून काढून टाकावी, वजन आणि खर्च वाचेल, असा प्रस्ताव मीच दिला होता. त्या सोयीने सीट साठ मिलिमीटर वर आली असती. मी उंची मोजलेले चालक पुण्यातले होते, बहुतेक उंच. सही मी केलेली नाही, आणि फॉर्ममध्ये नवा रकाना टाकला आहे.

वऱ्हाडात जाणार असाल तर जरूर जा. गिला वडा खा. ट्रकच्या पुढे जाऊन एकदम ब्रेक मारू नका.

हे लिहीत असताना धारणीवाल्यांचा फोन आला. घाट उतरून रेंजमध्ये आले होते, मागे इंजिन चालू होतं.

“लय मिस्ड कॉल मॅडम. काय झालं?”

“तुमच्या सीटखाली काय आहे?”

“लाकूड हाय न. वर घेतली थोडी. काहून घाबरता? मी बेल्ट लावूनच चालवून राहिलो.”

“ट्रक बाजूला घ्या,” मी म्हणाले, “आणि उभा करा. मी फोन ठेवत नाही.”