मामींची सवत

माझ्या मामेसासऱ्यांचा माणसांवर विश्वास नव्हता, देवावर जेमतेम होता, पण आवाजावर मात्र पुरेपूर होता. बार्शीटाकळीत विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक मोटारीला आणि लाकडी मूठ कानाला लावून ते आतलं दुखणं ओळखत. पुढे ही खोड इतकी वाढली की फ्रीज, पिठाची गिरणी, झोपलेला व्याही, कशालाही पेचकस लागे. मी त्यांची भाची बघायला गेलो तेव्हा मामाजींनी मला एकही प्रश्न विचारला नाही. बाहेर जाऊन माझी स्कूटर सुरू करून ऐकली आणि आत येऊन जाहीर केलं, "पोरगा बरा हाय. फकत क्लच दाबून चालवते. धीर नाई त्याले." लग्न झालं, पण तो शेरा काही पुसला गेला नाही.

दुकानातल्या मागच्या फळीवर लोकांनी भरायला टाकलेल्या आणि परत न नेलेल्या मोटारी होत्या. दुष्काळाच्या त्या वर्षांत त्या वाढतच चालल्या होत्या. कुणाची विहीर आटली होती, कुणी वावर विकून गाव सोडलं होतं, आणि काहींबद्दल मामाजी बोलतच नसत. प्रत्येकीवर खडूने मालकाचं नाव होतं. बेरिंग जाम होऊ नये म्हणून दर शनिवारी दुपारी ते प्रत्येकीचा दांडा हाताने एक फेरा फिरवत. नाव वाचायचं, फेरा द्यायचा, पुढे सरकायचं. एकदा मी सोबत होतो. "यातला एक तर वारला ना, मामाजी?" मी विचारलं.

"मोटार नाई वारली," ते म्हणाले. आणि त्यांनी पुढचा दांडा फिरवला.

मामींची फुप्फुसं थकली आणि त्यांना दिवसरात्र ऑक्सिजनचं यंत्र लागलं. लाइन तर सहा-सहा तास जायची. घरचा इन्व्हर्टर तासाभरात मान टाकायचा. मग मामाजींनी अकोल्याहून एक जुनी हायब्रीड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, कार आणली. स्वतः त्यांना गाडी चालवता येत नव्हती. कार अंगणात निंबाखाली उभी राहिली ती पुन्हा इंचभर हलली नाही. तिच्या बॅटरीपासून इन्व्हर्टर, तिथून खिडकीतून वायर, ती थेट मामींच्या उशाशी. कार चालू ठेवली तरी गप्प असायची. बॅटरी उतरली की रिकाम्या सीटसमोर इंजिन आपोआप सुरू व्हायचं, पाच-सात मिनिटं गुरगुरायचं आणि आपोआप थांबायचं. दूधवाली फाटकाच्या आत यायची बंद झाली. कुणीतरी आरशाला लिंबू-मिरची बांधली. मामी मात्र पलंगावरून हसायच्या, "आयका, माह्या सवतीले दम लागला."

लाइन गेल्यावर यंत्र शिट्टी मारायचं. त्या शिट्टीची वायर मामाजींनी कापून टाकली होती. "मले कान हायेत," ते म्हणायचे.

एका शनिवारी भर बाराला मी अमरावतीहून पोचलो. मामाजी गल्लीच्या टोकाला दुकानात, मामी आत झोपलेल्या. अंगणात चिटपाखरू नव्हतं. कारमधला दिवा लागलेला, पण कार गप्प. गप्प आहे म्हणजे लाइन आली असणार, मामाजी बंद करायला विसरले, असं मी धरून चाललो. जावई जबाबदार असतो हे दाखवायची मला हौस. मी बटण दाबून कार बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि ओसरीवर पाणी पीत बसलो. निंबाचं पानही हलत नव्हतं. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

तेवढ्यात मामाजी अनवाणी धावत आले, हात ग्रीसने काळे. "बंद काहून झालं?"

मी त्यांच्यामागे धावलो. आत मामींचे ओठ निळे पडले होते. मी खिशातली किल्ली काढून दिली, त्यांनी कार चालू केली. यंत्र सुरू झालं. मामाजींनी पेचकस यंत्राला लावला आणि मामींचे ओठ उजळेपर्यंत काढला नाही. दुकानापर्यंत तो आवाज पोचणं शक्यच नव्हतं. पुढे मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आवाज नोहता येत. येनं बंद झालं, ते आयकू आलं." माझ्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "चूप हाय ते सारं बंद नसते, जवाईबापू."

मामी त्यानंतर दीड वर्ष जगल्या आणि घरात लाइन असताना, झोपेत गेल्या. आता कार विकतील असं सगळ्यांना वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर कार निंबाखालीच होती, चालू. वायर खिडकीतून आत गेलेली, यंत्र धापा टाकत होतं आणि नळी रिकाम्या उशीवर ठेवलेली होती. "शनवार हाय," मामाजी म्हणाले. कारच्या बॉनेटवर खडूने मामींचं नाव लिहिलं होतं.

त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला. त्या दुपारची लाज मला अजून वाटते, म्हणून मी मुकाट्याने टोक बॉनेटवर टेकवून मूठ कानाला लावली. इंजिन थांबलेलं होतं; कार गप्प होती, पण बंद नव्हती.

"आयकू येऊन राह्यलं का?"

मी यावेळी घाई केली नाही. बराच वेळ कान लावून बसलो, आणि मग हो म्हणालो. खोटं बोललो नव्हतो.