सोमवारचा दांडा

माझा थोरला भाऊ बॉयलरवाला. धुलाईच्या कारखान्यात खाली तळघरात त्याचा बॉयलर आणि बरोब्बर त्याच्या डोक्यावर आम्ही इस्त्रीवाल्या बायका. चोवीस वर्षं दादानं खाली वाफ केली आणि आम्ही वर ती चादरींवर सोडली. त्याच्यासारखा काटेकोर माणूस शोधून सापडणार नाही. घराचं कुलूप तीनदा ओढून बघायचा आणि चौथ्यांदा मला बघायला लावायचा. कुणी देवाचं नाव काढलं तर म्हणायचा, "वाफेला देव कळत नाही, दाब कळतो."

दर सोमवारी सकाळी दाब चढला की तो सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा ओढायचा. फस्सकन वाफ सुटायची, आमच्या पायाखालची फरशी हलायची आणि आम्ही म्हणायचो, चला, लागा कामाला. दाब नको तेवढा वाढला तर हाच व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि वाफ सोडून देतो. पण अधूनमधून ओढला नाही तर क्षार धरून चिकटून बसतो. हे मला दादानंच शिकवलं, म्हणून तर जिवाचा संताप होतो.

दोन वर्षांपूर्वी वहिनी दवाखान्यात होती. एका सोमवारी कामावर येताना दादा तिच्या खाटेशी डोळे मिटून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यात दहा मिनिटं गेली. इकडे रात्रपाळीवाल्यानं बॉयलर पेटवून ठेवलेला, त्याच दहा मिनिटांत वाफेचा पाइप फुटला, नेमका जिथं तो दांडा ओढायला उभा राहतो तिथं. भिंतीचा गिलावा सोलून निघाला होता. दादा वाचला. वहिनी त्याच संध्याकाळी गेली.

मला वाटलं, आता हा देवाला शिव्या घालेल. कसलं काय! म्हणाला, "तिनं आपला श्वास मला दिला. मला कशासाठी तरी मागं ठेवलंय." त्या दिवसापासून रोज सकाळी बॉयलरच्या पत्र्यावर तळहात ठेवून तो आम्हा सगळ्यांची नावं घ्यायला लागला. एकेकीचं, न चुकता. बायकांना काय, बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं. माणूस दुःखातून सावरतोय, सावरू दे.

मग माझी पोरगी कामाला लागली. तिला टेबल मिळालं ते बॉयलरच्या अगदी वरचं. पहिल्या सोमवारी दुपारी ती म्हणाली, "आई, तू सांगायचीस तो फस्स आवाज आलाच नाही की गं."

नवी मोठी यंत्रं आल्यापासून फरशी दिवसभर हलत असते आणि कानांत नुसती घरघर. आवाज कधी बंद झाला हे आमच्यातल्या एकीच्याही लक्षात आलं नव्हतं. मी तशीच खाली गेले.

"दादा, दांडा ओढलास का?"

"आता नाही ओढत. सात महिने झाले."

"अरे, वेड लागलं का तुला?"

तो शांतपणे हसला. "जो राखतो त्याची परीक्षा बघायची नसते. आईच्या हातचं जेवताना तू आधी मांजराला घालून बघायचीस का?"

"आईच्या हाताला क्षार धरत नाहीत! वर माझी पोर उभी आहे रे!"

"म्हणून तर तिचं नाव पहिलं घेतो."

इतक्या मायेनं म्हणाला की माझ्या अंगावर काटा आला. मी दांड्याला हात घातला. त्यानं माझं मनगट धरलं, पण दांड्याला आपलं बोटही लागू न देता. चोवीस वर्षं बॉयलरशेजारी काढलेल्या माणसाला बॉयलरची भीती नव्हती, दांड्याची होती. मी त्याला ढकललं आणि सगळा भार टाकून दांडा ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला. हूं की चूं नाही.

लाल बटण दाबून मी आग बंद केली, ओरडत वर पळाले आणि सगळ्यांना रस्त्यावर काढलं. मेकॅनिकनं व्हॉल्व्ह खोलला, आत दगड झाला होता. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "एकदा दाब नको तेवढा चढला असता ना, तर हा मजला दिसला नसता."

दादा पायरीवर मटकन बसला. चेहरा पांढराफटक. मी मनात म्हटलं, सुटलो, उघडले याचे डोळे. त्यानं तो व्हॉल्व्ह उचलून हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सात महिने हा बंद होता. सात महिने! आणि आपण सगळे धडधाकट उभे आहोत. मग राखलं कुणी?"

मला म्हणायचं होतं, नशिबानं वाचलो. पण नशीब म्हटलं तरी तो त्यातूनही देवच काढणार होता. एका बाईनं हात जोडले. मग दुसरीनं.

नवा व्हॉल्व्ह बसला. दुसऱ्या दिवसापासून कामाआधी बायका रांगेनं तळघरात उतरतात आणि पत्र्याला तळहात लावून वर येतात. मालकाला काय, एकीचाही खाडा नाही, तो खूश. मी सरकारच्या बॉयलर तपासणी खात्यात तक्रार केली, तर तिथले साहेब पुढच्या महिन्यात तपासायला येतील म्हणे. तळघराची किल्ली दादाच्या गळ्यात असते आणि मला तिकडं बंदी आहे. का, तर मी संशय घेतला म्हणून व्हॉल्व्ह चिकटला. हे मला कुणी ऐकवलं? माझ्याच पोरीनं. काम सोड म्हणून तिच्या पाया पडले, पण ती हलत नाही. ती हलत नाही म्हणून मीही इथंच.

काल सोमवार होता. मी चप्पल काढून अनवाणी पायांनी फरशीवर उभी राहिले. फरशी हलत होती, पण ती तर रोजच हलते.

"आवाज आला का गं?" मी विचारलं.

पोरीनं चादरीवरची सुरकुती हातानं सरळ केली आणि मायेनं माझ्याकडं बघितलं. अगदी मामासारखं.

"घाबरू नकोस आई," ती म्हणाली. "मामा तुझंही नाव घेतो."