तीन ठोके, दोन ठोके

शहरातल्या त्या वर्दळीच्या पुलाची तब्येत ठोकेमामा एकतीस वर्षं हातोडीनं विचारत आले होते. मामा वर, जोडीदार पुलाखाली टांगलेल्या लोखंडी पाळण्यात. मामांनी तीन ठोके द्यायचे; खाली सारं घट्ट असलं की जोडीदारानं दोन. गाड्यांच्या गोंगाटात हाका कोण ऐकणार? दोघांचं बोलणं त्या पाच ठोक्यांत उरकायचं. मामी म्हणायच्या, "माझ्याशी तेवढं बोललात तरी पुरे."

अकरा वर्षांपूर्वी तिसऱ्या खांबापाशी पाळणा तुटला आणि जोडीदार नदीत गेला. सापडलाच नाही. पंधरवड्यानं मामांनी सवयीनं तिथं तीन ठोके दिले, तर खालून दोन आले. सर्रकन काटा आला अंगावर. वाकून पाहिलं, खाली नुसतं पाणी. एखादी पट्टी सैल झाली असणार, हे न कळण्याइतके मामा कच्चे नव्हते. तरी वहीत लिहिलं, 'ठीक'. मग अकरा वर्षं 'ठीक'च. पट्टी आवळली तर बोलायचं कुणाशी?

आता खांब तेच ठेवून वरचा जुना पूल बदलायचा ठरला, तोही दोन दिवसांत. नवा गाळा, म्हणजे खांबांवर टेकणारा पुलाचा सांगाडा, शेजारीच तात्पुरत्या खांबांवर तयार होता. शनिवारी रस्ता बंद करून जुना गाळा क्रेननं उचलला. तेवढा वेळ मामा पाठ करून उभे. रविवारी नवा गाळा जॅकनं लोटत, टेबलाचा खण सारावा तसा, जागेवर बसवला.

दुपारी इंजिनिअरबाई कागद घेऊन आल्या. "मामा, ठोकून बघा नि सही करा. पाचला रस्ता खुला करायचाय."

तिसऱ्या खांबावर मामांनी तीन ठोके दिले.

खालून दोन आले.

"खाली कोण आहे?" मामांनी कठड्यावरून वाकून विचारलं.

"कुणी नाही. खालचे सगळे जेवायला गेलेत," बाई म्हणाल्या.

मामा हातोडी धरून बसून राहिले. 'ठीक' लिहिलं तर तो इथंही आला म्हणायचं. 'सैल' म्हटलं तर तो कधी नव्हताच. आणि उद्या सकाळी इथूनच शाळेच्या बस जाणार.

"बाई, सैल आहे. रस्ता उघडू नका."

बाईंबरोबर आलेला मुकादम हसला. "मापं चोख आलीत. मामांना भूत भेटलं वाटतं."

"भेटलं असतं तर सही केली असती, बाबा."

बाईंनी माणूस खाली उतरवला. गाळ्याचा एक कोपरा खालच्या पोलादी पाटावर टेकलाच नव्हता, बोटभर फट. पुन्हा जॅक लावले, पाट सरळ केला. पाच वाजून गेले, दोन्ही टोकांना गाड्यांनी हॉर्नचा नुसता उच्छाद मांडला.

"ठोका आता, मामा."

मामांनी तीन ठोके दिले. खालून काहीच आलं नाही.

"झालं ना?" बाईंनी कागद पुढे केला.

मामा गुडघ्यांवरून उठले नाहीत. "थांबा जरा," ते म्हणाले. बाई थांबल्या.