सर्वपित्रीची अंडी

हॉस्पिटलमधून सिस्टरचा फोन आला तेव्हा मी कणीक भिजवत होते. शेजारच्या हॅरीकाकांचं नाव घेऊन तिनं विचारलं, "यू आर द नेक्स्ट ऑफ किन, आरन्ट यू?" मी हो म्हणाले आणि पुढचं तिनं सांगायची गरजच उरली नाही. कणकेच्या हातांनी तशीच जिन्याच्या पायरीवर बसले आणि घरातलं माणूस गेल्यावर रडावं तशी रडले. ना नात्याचा ना गोत्याचा असा हा म्हातारा, पण त्याच्या कागदावर सख्खी म्हणून माझं नाव होतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही लंडनमधल्या स्टॅनमोरला राहायला आलो, त्याच आठवड्यात कुंपणावरून पहिली भाजी आली. गृहस्थ एकटे, तोंडानं फटकळ, हातानं सढळ. मुलं 'हॅरीकाका' म्हणू लागली, मग आम्हीही. रविवारी दुपारी ते आमच्याकडेच जेवत. मी पहिल्यांदा केक केला तेव्हा जरा ओशाळूनच सांगितलं, "आमच्याकडे अंडं चालत नाही हो." ते म्हणाले, "थँक गॉड." डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, भारावून म्हणाले, "बघ, इंग्रज असून आपल्या घरची रीत सांभाळतो माणूस!" पुढे ते त्यांच्या स्वतःच्या घरीही अंडं खात नाहीत असं कळलं, तेव्हा तर मी इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना मिरवून सांगितलं, की आमच्या संगतीनं एक साहेब सुधारला. काय ते आमचं शहाणपण...

एका पितृपक्षात सासऱ्यांच्या तिथीला मी मागच्या शेडच्या छपरावर पान ठेवलं. पान कसलं, कागदी ताटलीच ती. हॅरीकाका बागेला पाणी घालत होते. "कावळ्यांना मेजवानी?" म्हणाले. मी सांगितलं, गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते वाढायचं, त्याचं काही मनात राहिलं असेल तर कावळा शिवत नाही. एरवी यावर त्यांनी चार विनोद केले असते. त्या दिवशी त्यांनी नळ बंद केला, माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि बोलू लागले.

दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बरवर होते. सात जणांचं मोठं विमान, आणि हे एकोणीस वर्षांचे, शेपटाला काचेच्या पिंजऱ्यात एकटे, मागे तोंड करून, बंदूक धरून. शत्रूचं विमान बहुधा मागून यायचं, म्हणजे पहिली गोळी यांच्याच वाट्याला. जागा इतकी कमी की पॅराशूटसुद्धा दाराबाहेर टांगलेलं. आग लागली तर आधी दार उघडायचं, मग ते शोधायचं, तोवर ते शिल्लक असलं तर! थंडी अशी की एकदा बंदूक अडकली म्हणून हातमोजे काढले, तर बोटं लोखंडाला चिकटली आणि कातडी सोलून निघाली. त्या बोटांनीच त्यांना वाचवलं. पुढच्या खेपेला ते दवाखान्यात, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या तुकडीतला एक पोरगा बसला.

"आम्हाला जाताना एक अंडं मिळायचं आणि परत आल्यावर एक," ते म्हणाले. "रेशनचे दिवस. अंडं म्हणजे चैन. निघताना सगळे एकमेकांना म्हणायचे, तू नाही आलास तर तुझं अंडं मी खाणार."

ते विमान परतायच्या सकाळी ते पट्ट्या बांधलेल्या हातांनी भोजनघरात जाऊन मित्रांच्या टेबलावर बसले. वाढणाऱ्या मुलीला वाटलं, येतीलच आता, म्हणून तिनं सातही ताटल्या मांडून ठेवल्या. बाकीची टेबलं जेवून उठली. अंडी गार झाली...

"मग मी खाल्ली. सगळी. काटा धरता येईना, तर ताटलीला तोंड लावून खाल्ली. आय वॉज हंग्री, सुधा."

मी त्यांचा हात धरून बसले. त्यांनी विचारलं, "ती अंडी परत देता येतील? पण सातव्याचं नाव मला माहीत नाही. माझ्या जागेवर बसला तो. विचारायचा धीरच झाला नाही." मी म्हणाले, "सर्वपित्री अमावास्या त्यासाठीच असते. नाव नसलं तरी पान असतं."

डॉक्टर दचकले. "अगं, सर्वपित्रीला अंडी? आपल्या घरात?" मी म्हणाले, "मग काय पुरणपोळी वाढू त्या पोरांना?" ते स्वतःच जाऊन नवा फ्रायिंग पॅन घेऊन आले. हॅरीकाकांनी सहा नावं घेतली. सातव्या ताटलीपाशी नुसतंच "सॉरी, लॅड" म्हणाले. त्यानंतर दरवर्षी हे चाललं. पॅन वर्षभर त्यांच्याकडे असायचा, अमावास्येला माझ्याकडे यायचा. वॉर्डातल्या शेवटच्या भेटीतही त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. "पोरांना विसरणार नाहीस ना?" एवढंच.

या सर्वपित्रीला मी आठ पानं वाढली. वर्षश्राद्धाच्या आधी असं पान वाढत नाहीत म्हणे, पण अंडी तळणाऱ्या बाईला शास्त्र कोण विचारतो? सात ताटल्यांत अंडी, आणि हॅरीकाकांच्या ताटलीत त्यांचा आवडता वरणभात नि बटाट्याची भाजी. कावळ्यांनी सातही साफ केल्या. आठवीला एकही शिवेना. "पोटं भरली असतील त्यांची," डॉक्टर हळूच म्हणाले. मी हात जोडले, "दरवर्षी वाढीन हो पोरांना," म्हणाले, तरी काही नाही. मग मी आत गेले, पुन्हा गॅस पेटवला, आठवं अंडं फोडलं आणि ते त्यांच्या वरणभातावर घातलं. "खा हो आता, हॅरीकाका," मी म्हणाले. "सगळ्यांची झाली. हे तुमचं."

तिथं उभं राहवेना. आत येऊन पॅन घासत बसले. खूप वेळानं खिडकीतून पाहिलं तर ताटली रिकामी होती. पॅन कोरडा केला, शेजारी नेऊन द्यायला म्हणून सवयीनं दारापर्यंत गेले... आणि परत फिरून माझ्या पोळ्यांच्या तव्याशेजारी ठेवला.