स्वच्छ अक्षरातला ‘फरार’

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या विधानसभेत त्या वर्षी कर्नलांचा नुसता सुळसुळाट झाला होता. अंगावर काळा कोट आणि सभागृहात खुर्ची असली की झाला माणूस कर्नल. वीस वर्षांपूर्वीच्या यादवी युद्धाला गेला नसला तरी चालत होतं. चेल्टन गावचा आमदार अल्वा थ्रॉल खरोखर लढला होता, पण सार्जंट म्हणून. त्यालाही सगळे कर्नलच म्हणत आणि दर वेळी त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

तो निवडून आला होता एकाच कामासाठी. युद्धात मेलेल्यांची नावं विधानभवनातल्या शिळेवर कोरायची ठरली होती आणि त्यांत शेजारच्या हॉस्लीमावशीच्या एबेनचं नाव नव्हतं. पलटणीच्या हजेरीपुस्तकात एबेनच्या नावापुढे ‘फरार’ लिहिलेलं होतं. कसला फरार! व्हर्जिनियाच्या रस्त्यावर हगवण लागून तो पोरगा झाडाखाली बसला, पलटण पुढे निघून गेली आणि सहाव्या दिवशी दुसऱ्याच पलटणीच्या दवाखान्यात तो मेला. म्हातारी मात्र वीस वर्षं पळपुट्याची आई म्हणून चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत होती.

“कुण्या मेल्या कारकुनानं खरडलंय, मावशी,” असं अल्वा तिला सांगत आला होता. त्या कारकुनाला शिव्या घालण्यात त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

ऑक्टोबरात एबेनचं नाव शिळेवर घ्यायचा ठराव आला. समितीचा अध्यक्ष ओरिन पीझली, अर्थातच कर्नल. युद्धाची चारही वर्षं या गृहस्थाने आपल्या लोकरीच्या गिरणीचा उंबरठा ओलांडला नव्हता. त्याने हजेरीपुस्तक सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं.

“अक्षर बघा, मंडळी! कसं मोत्यासारखं. लिहिणाऱ्याच्या मनात शंका असती तर हात अडखळला असता. बोला, कर्नल थ्रॉल, आता बोला!”

सभागृह हसलं. अल्वा उठला. रागाने त्याचे कान तापले होते आणि तो राग आता पीझलीपुरता उरला नव्हता.

“अक्षर माझं आहे,” तो ओरडला. “हजेरी मीच घेत होतो. कॅप्टन म्हणाला, लिही फरार, आणि मी लिहिलं. पोराला उभंही राहवत नाही हे मला ठाऊक होतं. जेवण थंड होत होतं म्हणून मी वाद घातला नाही! आणि मला कर्नल म्हणू नका. मी सार्जंट होतो, आणि तोही नालायक!”

पुन्हा कुणी हसलं नाही. ठराव मंजूर झाला. पीझलीने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तो अल्वाने झिडकारला.

वर्तमानपत्र गावात पोचायच्या आत तो मावशीच्या स्वयंपाकघरात शिरला. ती मुरांब्यासाठी सफरचंदं सोलत होती.

“ये रे कर्नला! बस, पाव गरम आहे,” तिने त्याच्यापुढे बशी सरकवली. “झालं का काम?”

“नाव लागलं, मावशी.”

तिने न लपवता डोळे पुसले. “आणि तो मुडदा कारकून? सापडला का?”

“कारकून नव्हताच. मीच लिहिलं होतं.”

सुरी थांबली. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग तिने त्याच्यापुढची बशी उचलून फळीवर ठेवली.

“एबेनचं नाव लागलं, उपकार झाले तुमचे,” ती म्हणाली. वीस वर्षांत तिने त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं. “आता या दारात पुन्हा येऊ नका, सार्जंट.”