दोन दांड्या, एक चेंडू

ह्या गणपतीत माहेरी गेले, तर माझी लेक आणि तिच्या मामाच्या मुली पडवीत बसून हुज्जत घालत होत्या. विषय असा, की कुठला व्हिडिओ गेम डोक्यातून पार पुसून टाकून पुन्हा पहिल्यांदा खेळायला मिळावा. एकेका गेमचं नाव ऐकून मला वाटलं, ह्या औषधांबद्दल बोलताहेत. मी तांदूळ निवडत होते. न विचारता मध्ये तोंड घालायची माझी खोड जुनी, तेव्हा म्हटलं, "मीपण खेळलेय गं व्हिडिओ गेम. तुमच्या जन्माआधी."

"तू? कुठला?"

"दोन दांड्या आणि एक चेंडू."

पोरी खो खो हसल्या. मग मला राग आला, सूप बाजूला ठेवलं आणि त्यांना सगळं सांगितलं.

आमचं गाव रत्नागिरीजवळच्या हातखंब्यापासून आत. बाबा मुंबईला. तेव्हा आमच्या वाडीत बहुतेकांचे बाबा मुंबईलाच असायचे, त्यात विशेष काही नव्हतं. परळच्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात ते कामाला होते आणि गावकीच्या खोलीत, वाडीतल्याच माणसांबरोबर दाटीवाटीनं राहायचे. घरी यायचे ते शिमग्याला आणि गणपतीला. आले की घरात पाहुणा आल्यासारखं व्हायचं. त्यांना चहा कपबशीतून, आम्हाला पेल्यातून. ते मला विचारायचे, "अभ्यास करतेस ना?" मी मान हलवायची आणि आमचं बोलणं संपायचं. दर खेपेला ते माझ्यासाठी एक फ्रॉक आणायचे आणि तो हटकून लहान व्हायचा, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे मी मागच्या खेपेचीच असायची. ते परत गेले की आई तो फ्रॉक चुलत बहिणीला देऊन टाकायची.

खरं सांगते, मला त्यांची भीती वाटायची. ते गेले की मात्र रडू यायचं. हे दोन्ही एकाच माणसाबद्दल कसं, ते मला कळायचं नाही.

मी चौथीत असतानाची गोष्ट. टीव्ही तेव्हा आमच्याकडे नुकताच दिसायला लागला होता आणि वाडीत एकच होता, शाळेतल्या मास्तरांकडे. त्या गणपतीला बाबांच्या बॅगेतून नेहमीसारखा लहान फ्रॉक निघाला आणि त्याच्याखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक तपकिरी खोका. खोक्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला फिरवायच्या गोल मुठी. कुणा गिऱ्हाइकानं दुरुस्तीला टाकला आणि परत न्यायला आलंच नाही. शेवटी मालक म्हणाला, घेऊन जा गावाला. बाबांनी रविवारी बसून बसून तो दुरुस्त केला होता.

"टीव्हीला लावायचा खेळ आहे," ते म्हणाले.

"टीव्हीला," आई म्हणाली. बस, एवढंच.

बाबांनी खोलीभर नजर फिरवली. वर्षभर दुसऱ्यांचे टीव्ही उघडत बसणाऱ्या माणसाला आपल्या घरात टीव्ही नाही हे तेव्हा आठवलं. त्यांचा चेहरा असा काही पडला, की मला त्यांची भयंकर दया आली, आणि कधी आपणहून तोंड न उघडणारी मी बोलून गेले, "मास्तरांकडे आहे की!"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खोका घेऊन मास्तरांकडे गेलो. दुपारी टीव्हीवर काही नसायचं. मास्तर दारातच अवघडून उभे. "लावा, पण जपून. संध्याकाळी टीव्ही लागला नाही तर वाडी मला जिवंत सोडणार नाही." बाबांनी अँटेनाची वायर काढून खोक्याची लावली आणि बटणाला हात घालणार, तोच थोरले काका आले. थोरले काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ आणि आमच्या घरातलं गाऱ्हाणं घालणारे. कोकणात कुठल्याही कामाआधी देवाला मोठ्यानं सगळं सांगायचं असतं. एकानं सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. नांगरणीला गाऱ्हाणं, लग्नाला गाऱ्हाणं, विहिरीला पाणी लागावं म्हणून गाऱ्हाणं. व्हिडिओ गेमला काकांनी का सोडावं?

"थांब रं! नवी वस्तू हाय ना? तसाच चालू करतस?" ते टीव्हीपुढे हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज माज्या भावान मुंबयसून ह्यो काय तो खेळ आनलान, त्येला यश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मास्तरांच्या टीव्हीला काय इजा होऊ देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी सगळ्यात मोठा आवाज मास्तरांचा होता.

मग बाबांनी बटण दाबलं. आधी नुसत्या मुंग्या. बाबा स्क्रू-ड्रायव्हरनं काहीतरी करत राहिले आणि एकदम पडदा काळा झाला. डावीकडे एक पांढरी दांडी, उजवीकडे एक, मधोमध तुटक रेघ. बाबांनी एक मूठ माझ्या हातात दिली. मी ती भीत भीत फिरवली. पडद्यावरची दांडी वर गेली.

पोरींनो, ते मला नीट सांगता येत नाही. टीव्ही म्हणजे तोवर लांबच्या माणसांनी काहीतरी करायचं आणि आम्ही चटईवर बसून बघायचं. आता माझ्या हातानं त्याच्यात काहीतरी हललं होतं. मी मूठ सोडून दिली, पुन्हा धरली, पुन्हा फिरवली. दांडी खाली आली. मी इतकी जोरात ओरडले की मास्तरांची म्हैस दावं ओढायला लागली.

आवाज ऐकून शेजारपाजारच्या बायका आल्या. दुपारचाही कार्यक्रम सुरू झाला असं समजून पदर सावरून ओळीनं बसल्या. टक, टुक, टक, टुक. चेंडू इकडून तिकडे. बराच वेळ निमूटपणे बघून एका काकूंनी विचारलं, "ह्येच्यामागना काय लागनार हाय?" बाबा हसले. मी त्यांना तसं हसताना कधी ऐकलंच नव्हतं. घशातून खाकरल्यासारखं, थांबवता न येणारं हसू होतं ते, आणि त्या हसण्याच्या नादात त्यांचा चेंडू सुटला.

त्या गणपतीत आम्ही रोज दुपारी खेळलो. एकीकडे आरत्या, मोदक, पाहुणे, आणि जेवणं आटपली की आम्ही दोघं मास्तरांकडे. मला बाबांबद्दल एकेक गोष्ट कळत गेली. ते रडीचा डाव खेळायचे. हरले की म्हणायचे, मूठ घट्ट झालीय, आणि माझी मूठ मागून घ्यायचे. चेंडू वर गेला की स्वतःही वर व्हायचे, जणू बूड उचलल्यानं दांडी लवकर पोचणार होती. मुंबईच्या खोलीत त्यांची झोपायची जागा दाराशी होती आणि रात्रपाळीवाले आले की त्यांच्या पायांवरून जायचे, हेही त्यांनी मला खेळता खेळता सांगितलं. समोरासमोर बसून त्यांनी ते कधी सांगितलं नसतं. एकदा आई धाकट्या भावाला कडेवर घेऊन आम्हाला बोलवायला आली आणि दारातच थबकली. "जिभा बघा दोघांच्या," ती मास्तरांच्या बायकोला म्हणाली. आम्ही दोघंही जीभ दातांत धरून खेळत होतो, डाव्या कोपऱ्यात. माझी ती सवय कुणाची, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

मला बाबा आवडायला लागले होते. आता ते जाणार, हे त्यामुळेच सहन होईना.

विसर्जनाच्या दिवशी दुपारनंतर सगळी वाडी आमच्याकडे जमली. मास्तरही आले. बाबांची बॅग भरून खुंटीला लावलेली होती. दुसऱ्या दिवशीच्या एसटीचं तिकीट आधीच काढलेलं होतं. मूर्ती हलवण्याआधी काका गाऱ्हाण्याला उभे राहिले. झाली ती वेडीवाकडी सेवा गोड मानून घे, व्हय म्हाराजा. भातावर रोग पडू देऊ नको, व्हय म्हाराजा. धाकट्याला दृष्ट लागू देऊ नको, व्हय म्हाराजा. मग काकांनी दरवर्षीसारखा सूर लावला.

"तुजो चाकरमानी उद्या मुंबयला जातो हाय, त्येला सुखरूप पोचव आनि त्येच्या नोकरीला असंच बळ दे रे म्हाराजा!"

सगळे 'व्हय' म्हणायला तोंड उघडणार, त्याच्या आधी मी ओरडले.

"नाय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला कुणी 'नाय' म्हणत नाही. तशी रीतच नाही. आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ राहिला. एक म्हातारे पुटपुटले, "आता ह्या गाऱ्हाना मोडला." मला कळलं की मी काहीतरी भलतंच करून बसलेय आणि बाबांना वाटेत काही झालं तर ते माझ्यामुळेच होणार. मी भोकाड पसरलं.

काका रागीट म्हणून प्रसिद्ध होते. ते माझ्यासमोर उकिडवे बसले. "काय झाला गो बाय? देवापुढं नाय कशाला म्हनलीस?"

"त्यांना मुंबईला नको पोचवू म्हणावं. ते हिकडं राहूदेत."

मी बाबांकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही. काका गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि म्हणाले, "गाऱ्हाना परत घालायला लागंल." आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सेवा, भात, दृष्ट. बाबांपाशी आले तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"ह्या लेकराच्या बापसाला उद्या सुखरूप पोचव, आनि पुढं त्येला हिकडंच, आपल्या मानसांत, पोटापान्याची वाट दाखव रे म्हाराजा!"

आता मी 'व्हय' म्हटलं. सगळ्यांनी म्हटलं. बाबांचा आवाज सगळ्यांच्या नंतर, एकट्याचा आला.

देवानं ऐकलं का, ते मला माहीत नाही. मास्तरांनी मात्र ऐकलं. मूर्ती पऱ्यात, म्हणजे गावच्या ओढ्यात, पोचवून परत येताना ते बाबांच्या बाजूनं चालत होते. म्हणाले, "अहो, पोरगी वेडी नाही. रत्नागिरीत आता घराघरांवर अँटेना चढायला लागल्यात. टीव्ही बिघडला तर दाखवायचा कुणाला? तुम्ही चार दुपारी माझा टीव्ही उघडलात, झाकलात आणि तो अजून चालतोय. आणखी काय पाहिजे?" दुसऱ्या दिवशी बाबा गेले. मी एसटी दिसेनाशी होईपर्यंत तिठ्यावर उभी राहिले. खोका घरीच होता, पण तो लावायला कोणी नव्हतं.

शिमग्याला ते आले. बॅगेत फ्रॉक होता, लहान. आणि एक जड लाकडी पेटी होती, त्यात त्यांची सगळी हत्यारं. पेटी बघून आई चुलीपाशी जाऊन बसली आणि कितीतरी वेळ बाहेर आली नाही. पुढे रत्नागिरीत एका घड्याळजीच्या दुकानात त्यांना अर्धं बाकडं मिळालं, मग स्वतःचा गाळा झाला. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची गेली, नाही असं नाही. पण रोज संध्याकाळी एसटीतून उतरून ते घरी यायचे, पेल्यातून चहा प्यायचे. त्या दिवाळीला फ्रॉक घ्यायला मला बरोबर घेऊन गेले. तो बरोब्बर बसला. तो लहान होईपर्यंत मी दुसरा अंगात घातला नाही.

आणि खेळ? आपल्या घरात टीव्ही आल्यावर आम्ही तो लावला, थोडे दिवस खेळलो, मग राहूनच गेला. बाबा रोज घरी असताना त्यांच्यासाठी खेळ काढायची गरज उरली नव्हती.

माझं सांगून झालं तेव्हा पोरी हसत नव्हत्या. लेकीनं फोनवर काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढे धरलं. काळा पडदा, दोन दांड्या, एक चेंडू. मग तिनं पलीकडे खुर्चीत पेंगत असलेल्या बाबांना हलवून उठवलं. फोन मधल्या स्टुलावर ठेवून आम्ही दोघं दोन बाजूंनी बोटं टेकवून बसलो. ऐंशीच्या घरातला माणूस, पण चेंडू वर गेला की अजून खुर्चीतून वर होतो. जीभ डाव्या कोपऱ्यात.

"मग आई, सांग," लेक म्हणाली. "हा परत पहिल्यांदा खेळायला मिळाला, सगळं पुसून, तर खेळशील?"

त्या पहिल्या दुपारी पडद्यावरची दांडी माझ्या हातानं हलली होती. तसं पुन्हा कधी काही झालं नाही, हे खरं. पण त्या दुपारी माझ्या शेजारी बसला होता तो माणूस मला परका होता. ती दुपार पुन्हा पहिल्यांदा हवी, तर मला त्यांना पुन्हा परकं करावं लागेल.

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

बाबांनी मान वर केली नाही. "बोलू नको, खेळ," ते म्हणाले. "चेंडू आला."